लघवीत रक्त दिसल्यापासून पुढे: मूत्राशयाच्या कॅन्सरबाबत ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

लघवी लाल झाली, दुखलं काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वच्छ. मूत्राशयाचा कॅन्सर बहुतेकदा असाच तोंड दाखवतो आणि घात होतो तोही इथेच. उन्हाळी लागली असेल, धणे-जिऱ्याचं पाणी घेतलं आणि गेली, असं घरात ठरून जातं. पण या गाठीतून रक्त अधूनमधूनच येतं, मधले कित्येक आठवडे काहीच दिसत नाही. त्यामुळे रक्त थांबलं याला काही अर्थ नाही. चाळिशीनंतर डोळ्यांना दिसेल असं रक्त एकदा जरी गेलं, तरी युरॉलॉजिस्टकडे जायचंच.

जाण्याआधी मोबाइलवर लघवीचा फोटो काढून ठेवा. अपॉइंटमेंटच्या दिवशी लघवी हमखास स्वच्छ असते. रक्त धारेच्या सुरुवातीला, शेवटी की पूर्ण वेळ, गुठळ्या होत्या का, आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, टीबीची औषधं चालू आहेत का, हेही सांगा. बीट आणि रिफाम्पिसिन दोन्ही लघवीला रंग देतात. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ‘त्या गोळीमुळेच असेल’ म्हणून विषय संपवू नका. गोळीमुळे रक्त येणं सोपं होतं, पण ते येतं कुठून हे तरीही बघावं लागतं. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.

बायकांच्या बाबतीत उशीर जास्त होतो. पाळीचं असेल, पाळी गेल्यावरचं असेल, नाहीतर इन्फेक्शन असेल, म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स एकामागून एक दिले जातात. पहिल्याच वेळी लघवीचा कल्चर करून घ्या. कल्चरमध्ये जंतू नाहीत आणि रक्त आहे, किंवा इन्फेक्शन बरं होऊनही रक्त राहिलं, तर तिसऱ्या कोर्सची वाट बघू नका.

या आजाराचं सर्वांत मोठं कारण म्हणजे बिडी-सिगारेट; जवळजवळ निम्म्या रुग्णांत तेच सापडतं. धुरातली रसायनं रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात आणि ती लघवी तासन्‌तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहते. दुसरं कारण आपल्या पट्ट्यात महत्त्वाचं आहे. रंग, रबर, चामडं, छपाई या कामांतली ॲरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं. ती अंगात गेल्यावर आजार दिसायला वीस-तीस वर्षंही लागतात. ठाणे-बेलापूर रोड, तळोजा, डोंबिवली, अंबरनाथ इथल्या कारखान्यात तरुणपणी काम केलं असेल आणि आता निवृत्तीला दहा वर्षं झाली असतील, तरी कोणत्या खात्यात, कोणत्या मालावर काम होतं ते डॉक्टरांना सांगून केस पेपरवर लिहून घ्या.

तपासण्या

सोनोग्राफी नॉर्मल आली की लोक सुटल्यासारखे घरी जातात. छोटी गाठ किंवा अस्तरात सपाट पसरलेला कॅन्सर सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. खरा निकाल दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे सिस्टोस्कोपीत लागतो. बधिर करणारी जेली सोडून मऊ दुर्बीण घातली तर पाच-दहा मिनिटांचं काम असतं. नंतर एक-दोन दिवस जळजळ आणि गुलाबी लघवी चालते. थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. वरची बाजू, म्हणजे मूत्रपिंडं आणि मूत्रनलिका, बघायला सीटी युरोग्राफी करतात. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते कळतं. डायबिटीसची मेटफॉर्मिन चालू असेल तर आठवणीने सांगा. लघवीतल्या पेशी बघायच्या असतील तर सकाळची पहिली लघवी देऊ नका. रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी खराब होतात.

पहिलं ऑपरेशन आणि त्याचा रिपोर्ट

गाठ दिसली की टीयूआरबीटी करतात. कमरेत इंजेक्शन देऊन, पोट न फाडता, लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात. हे एकाच वेळी उपचारही असतं आणि तपासणीही. बऱ्याच रुग्णांना २४ तासांच्या आत मूत्राशयात केमोथेरपीचा, बहुधा मायटोमायसिनचा, एक डोस सोडतात. हे तुमच्याबाबतीत करणार आहेत का, ते ऑपरेशनच्या आधी विचारा. लघवीची नळी साधारण एक ते तीन दिवस राहते. नळीतून लघवी येणं थांबलं, ओटीपोट फुगलं आणि कळा येऊ लागल्या तर गुठळी अडकली आहे. घरी गेल्यावर असं झालं तर नेहमीच्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबू नका, जवळच्या हॉस्पिटलात जा.

दहा-चौदा दिवसांनी आतली खपली सुटते आणि लघवी पुन्हा लाल होते. हे अपेक्षितच असतं. पाणी वाढवा, दिवसाला दोन-अडीच लिटर, पण हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर आधी विचारा. दोन-तीन आठवडे जड उचलायचं नाही, शौचाला कुंथायचं नाही, आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून दुचाकी चालवायची नाही.

आता बायोप्सीचा रिपोर्ट. ‘कॅन्सर आहे की नाही’ एवढंच वाचून फाईल बंद होते, आणि पुढचं सगळं ज्यावर ठरतं ते राहून जातं. रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधा. एक, ग्रेड, म्हणजे पेशी किती आक्रमक: लो (कमी) की हाय (जास्त). दोन, खोली: टीए म्हणजे अस्तरापुरता, टी१ म्हणजे अस्तराखालच्या थरात, टी२ म्हणजे स्नायूत शिरलेला. तीन, सीआयएस, म्हणजे तोच सपाट पसरणारा प्रकार, आहे का. चार, आणि हे सर्वांत जास्त विसरलं जातं: तपासायला आलेल्या तुकड्यांत स्नायू होता का. स्नायूचा तुकडाच आला नसेल तर ‘कॅन्सर स्नायूत गेलेला नाही’ असं कोणीच म्हणू शकत नाही. त्यामुळे स्नायू नसेल, किंवा टी१ असेल, तर साधारण दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा टीयूआरबीटी करतात. पहिल्या डॉक्टरांनी काम बिघडवलं म्हणून हे करतात असा समज करून घेऊ नका. राहिलेली गाठ काढणं आणि खोली नक्की करणं, या दोन्हींसाठी ते लागतंच.

दुसरं मत घ्यायचं असेल, उदाहरणार्थ परळच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटाचंच कॅन्सर केंद्र), तर नुसता कागद चालत नाही. लॅबकडून काचेच्या स्लाइड्स आणि गाठीचा तुकडा ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या, सही करून घ्या आणि परत मिळाल्यावर फाईलमध्ये जपा.

बीसीजीचा दिवस

निदानाच्या वेळी चारपैकी तीन रुग्णांत कॅन्सर स्नायूपर्यंत गेलेला नसतो. त्यातल्या जास्त धोक्याच्या गटाला बीसीजी देतात. टीबीची जी लस बाळांना टोचतात, तीच इथे मूत्राशयात सोडतात. ती अस्तरात दाह करून प्रतिकारशक्तीला गाठीवर धावून जायला लावते. कॅनडातले अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली हा उपचार मांडला आणि आजही या गटासाठी तोच पहिला आहे. आधी आठवड्याला एक असे सहा डोस, नंतर ठरावीक महिन्यांनी तीन-तीन डोस, एक ते तीन वर्षं. ‘सहा झाले, आता बास’ म्हणून बरेच जण सोडतात. आजार परत येणं रोखण्यात त्या पुढच्या डोसांचा मोठा वाटा असतो.

डोसच्या आधी चार तास पाणी, चहा कमी. भरल्या मूत्राशयात औषध पातळ होतं आणि दोन तास धरवतही नाही. लघवीचं प्रमाण वाढवणारी गोळी असेल तर ती नंतर घ्यायची का, विचारून घ्या. त्या दिवशी लघवीत रक्त दिसत असेल, ताप असेल, जळजळ असेल, किंवा नळी घालताना रक्त आलं, तर डोस पुढे ढकलतात आणि ढकललाच पाहिजे. जखमेतून बीसीजीचे जिवंत जंतू रक्तात जाऊ शकतात. बाटली तुम्हीच दुकानातून आणणार असाल तर बर्फाच्या पॅकसह, २ ते ८ अंशांत, उजेडापासून झाकून आणा.

औषध सोडल्यावर साधारण दोन तास लघवी धरायची. आणि ती पहिली लघवी हॉस्पिटलातच करून निघा. ठाण्याहून खारघरला आलेला माणूस ‘घरी जाऊन करू’ म्हणून पनवेल-ठाणे लोकलमध्ये बसतो, गाडीत शौचालय नसतं, आणि तुर्भ्याच्या आसपास जीव कासावीस होतो.

पुढचे सहा तास पुरुषांनीही बसूनच लघवी करायची, शिंतोडे उडू नयेत म्हणून. प्रत्येक वेळी लघवीइतकंच ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, भांड्यात ओता, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग फ्लश करा. त्यावर आम्लाचं टॉयलेट क्लीनर कधीही ओतू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीनचा विषारी वायू होतो, आणि आपल्या इमारतींतले संडास लहान, खिडकी बंद. हात साबणाने धुवा, ओले झालेले कपडे वेगळे धुवा. एक आठवडा संबंध टाळा किंवा कंडोम वापरा.

जळजळ, सारखं जावंसं वाटणं, कणकण, एखादी गुलाबी लघवी: दोन दिवसांत शमतं. ताप १०१.३ फॅरनहाइटच्या वर राहून दोन दिवस उतरला नाही, किंवा एकदम १०३ झाला, हुडहुडी भरली, खोकला-सांधेदुखी सुरू झाली, तर लगेच फोन करा. जवळच्या डॉक्टरांकडे गेलात तर ‘मूत्राशयात बीसीजी चालू आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या. मेडिकलमधून आणलेल्या काही अँटिबायोटिक गोळ्या बीसीजीचे जंतूच मारतात आणि डोस फुकट जातो. उलट जंतू अंगात पसरले असतील तर टीबीची औषधं लागतात.

दुर्बीण पुन्हा पुन्हा

हा कॅन्सर परत येण्यात हट्टी आहे, म्हणून पहिली दुर्बीण तीन महिन्यांनी. कमी धोक्याच्या गटात पुढची वर्षाने आणि मग पाच वर्षांपर्यंत दरवर्षी. जास्त धोक्याच्या गटात दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी. तारखा घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये टाका. सगळं ठीक चाललंय असं वाटायला लागतं तेव्हाच तारखा चुकतात. आणि बिडी-सिगारेट आज सोडा. निदान झाल्यावर सोडूनही फायदा होतो. एकट्याने जमत नसेल तर सरकारची मोफत क्विटलाइन आहे: १८०० ११ २३५६.

स्नायूत शिरला असेल तर

मग वेळ दवडायची नाही. मूत्रपिंडं चांगली असतील तर आधी सिस्प्लॅटिनची केमोथेरपी, मग मूत्राशय काढणं, पुरुषांत प्रोस्टेटसह आणि बायकांत बहुतेकदा गर्भपिशवीसह. निवडक रुग्णांत गाठ पूर्ण खरवडून, केमो आणि रेडिएशन एकत्र देऊन मूत्राशय वाचवता येतं; हा पर्याय तुम्हाला लागू आहे का, ते सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर दोघांनाही विचारा. लैंगिक संबंधांवर काय परिणाम होईल हेही ऑपरेशनआधीच विचारायचं, लाजायचं नाही.

मूत्राशय गेल्यावर सर्वांत जास्त केला जाणारा मार्ग म्हणजे आतड्याचा १५-२० सेंटिमीटरचा तुकडा वापरून पोटाच्या उजव्या बाजूला तोंड, म्हणजे स्टोमा, करणं आणि त्यावर पिशवी लावणं. त्याची जागा ऑपरेशनच्या आधी पेनाने आखतात. तेव्हा नुसतं झोपू नका: उभे राहा, वाका, मांडी घालून जमिनीवर बसा. पोटाची वळी कुठे पडते, परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा कुठे येतो ते नर्सला दाखवा. वळीत बसलेला स्टोमा आयुष्यभर गळतो.

पिशवी तीन-चार दिवसांनी बदलायची, सकाळी चहाच्या आधी, कारण तेव्हा लघवी कमी गळते. जुनी चकती, म्हणजे पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग, वरून खाली, कातडी दाबत सोडवा. गॉजची गुंडाळी स्टोम्यावर धरून ठेवा, म्हणजे कातडी कोरडी राहते. फक्त कोमट पाणी. तेल, क्रीम, मॉइश्चरायझरवाला साबण लावला की चकती चिकटत नाही. चकतीचं भोक स्टोम्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा: मोठं झालं तर लघवीने कातडी सोलते, लहान झालं तर स्टोम्याला काचतं. पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून दर वेळी मोजा. चकती लावल्यावर तळहात दोन मिनिटं ठेवा, अंगाच्या उबेने गोंद धरतो. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा; वजनाने सुटते. रात्री मोठी पिशवी जोडा. मे आणि ऑक्टोबरच्या घामात चार दिवस टिकणारी तीनच दिवस टिकते, तसा साठा ठेवा.

स्टोमा लाल, ओला असतो आणि हात लावल्यावर दुखत नाही. पुसताना थेंबभर रक्त आलं तरी चालतं. काळा-जांभळा पडला तर तातडीने जा. लघवीत पांढरे शेंबडासारखे धागे दिसतील, ते आतड्याचे असतात. कल्चरसाठी पिशवीतली लघवी कधी देऊ नका. तिच्यात जंतू निघणारच आणि नको ती अँटिबायोटिकं सुरू होतात. नमुना स्टोम्यात नळी घालून घ्यायचा असतो.

पैसे आणि प्रवास

भरती होण्याच्या आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण मंजुरी आधी लागते आणि रेशन कार्डावरचं नाव आधारशी जुळावं लागतं. कारखान्यात पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापत असतील तर तिथूनच रेफरल लेटर घ्या. लोकलच्या अपंगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येतं. त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला सोबत ठेवा, आणि पावसाळ्यात प्रवासाच्या पिशवीत एक जादा स्टोमा बॅग, कापलेली चकती आणि गॉज.