ऊस तुटला म्हणजे शहर वाढलं नाही: उपग्रह-नकाशातल्या या चुका टाळा

सांगली-मिरजेच्या वाढीचा नकाशा पहिल्यांदा करणाऱ्याला हमखास एक धक्का बसतो. तासगाव रस्त्यालगत, कृष्णाकाठच्या मळीत, जिकडे बघावं तिकडे 'बांधकाम' म्हणून लाल रंग. एवढी घरं खरंच झाली असती तर जिल्ह्यात वाळू उरली नसती. ही लाली बहुतेक तुटलेल्या उसाची असते.

बांधकाम ओळखायला सर्रास वापरला जाणारा एनडीबीआय निर्देशांक शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड आणि निअर इन्फ्रारेड या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या दोन पट्ट्यांची तुलना करतो. पहिला पट्टा जास्त उजळ आला की तो म्हणतो, इथे बांधकाम. कोरडं, उघडं रानही नेमकं तसंच दिसतं. मग डिसेंबरची एक प्रतिमा आणि मार्चची दुसरी घेतली, की मधे तोडलेले सगळे फड शहरात जमा होतात.

'दोन्ही वर्षांची एकाच महिन्याची प्रतिमा घ्या' हा सल्ला सगळीकडे मिळतो. इथे तो अर्धाच कामाचा. कारखान्याची तोड कधी मिळेल हे शेतकऱ्यालाच सांगता येत नाही, तिथे कॅलेंडर काय करणार? द्राक्षबागेचंही तेच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तासगावकडची बाग वरून उघडी दिसते. त्यापेक्षा वर्षभरातल्या सगळ्या निरभ्र प्रतिमा घेऊन प्रत्येक पिक्सेलचा कमाल एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा निर्देशांक, काढा. शेत वर्षात कधीतरी हिरवं होतंच. स्लॅब होत नाही. या चाळणीतून वीटभट्ट्या आणि सपाट करून ठेवलेले रिकामे एन.ए. प्लॉट मात्र निसटतात. ते गूगल अर्थच्या जुन्या प्रतिमांवर डोळ्यांनीच तपासावे लागतात, त्याला इलाज नाही.

दुसरी चूक पिक्सेलच्या आकाराची. सेंटिनेल-२ उपग्रहाचा १० मीटरचा पिक्सेल म्हणजे जवळपास एक गुंठा. लँडसॅट उपग्रहांचा ३० मीटरचा म्हणजे जवळपास नऊ गुंठे. गुंठेवारीतलं एकटं घर लँडसॅटला दिसणार नाही. त्या पिक्सेलमध्ये घर, परसातला नारळ आणि शेजारचं शेत एकत्र कालवलेलं असतं. त्यामुळे २००० सालचा लँडसॅट नकाशा आणि आजचा सेंटिनेल नकाशा थेट वजा करू नका. निम्मी 'वाढ' नुसत्या बारीक नजरेमुळे दिसू शकते. दोन्ही वर्षांना लँडसॅटच वापरा, किंवा सेंटिनेल ३० मीटरवर आणा.

२०२२ नंतर शहर एकाएकी उजळलं? सेंटिनेल-२ च्या २५ जानेवारी २०२२ पासूनच्या डेटात प्रत्येक पट्ट्याच्या आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा करा, नाहीतर गूगल अर्थ इंजिनमधला 'हार्मोनाइज्ड' (आधीच जुळवून दिलेला) संच घ्या. प्रतिमेत तिरप्या काळ्या पट्ट्या दिसल्या तर ती लँडसॅट-७ ची, ३१ मे २००३ नंतरची. त्या काळासाठी लँडसॅट-५ बघा. कुपवाड एमआयडीसीत भोकं पडली असतील तर ढग वगळणाऱ्या मास्कने चकाकणाऱ्या पत्र्याच्या शेडनाच ढग समजलं आहे. आणि ऑगस्ट २०१९ ची प्रतिमा घेऊन 'पाण्याखालचं क्षेत्र वाढलं' असं लिहू नका. तो महापूर होता.

क्षेत्रफळ मोजताना प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, बघा. ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटर पद्धतीत सांगलीच्या अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे ९ टक्के फुगतं. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम झोन ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ निवडा.

अचूकतेचा आकडा सगळ्यात जास्त फसवतो. दोन्ही नकाशे ८५ टक्के अचूक असतील आणि त्यांच्या चुका एकमेकींशी संबंधित नसतील, तर बदलाचा नकाशा साधारण ७२ टक्क्यांवर येतो, कारण दोन्हींची अचूकता एकमेकींनी गुणली जाते. नकाशा ताडून पाहण्याचे बिंदू जुन्या गावभागात टाकून ९५ टक्के मिळवणं सोपं आहे. तिथे बदललंय काय? निम्मे तरी बिंदू 'शेताचं बांधकाम झालं' असं नकाशा म्हणतो तिथे टाका, आणि संगणकाला वर्गीकरण शिकवायला वापरलेले बिंदू त्यात पुन्हा घेऊ नका.