दुसऱ्याचं मन, चूक-बरोबर आणि ‘मी जातो की जाते’: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत काय करावं

दुसऱ्याचं मन ओळखण्यात मूल कुठवर आलंय ते आधी बघा. बिस्किटाचा रिकामा पुडा घ्या, आत सात-आठ चिंचोके भरा, तोंड दुमडून ठेवा. (घरात रांगतं बाळ असेल तर चिंचोक्यांऐवजी चमचे.) आजी दुसऱ्या खोलीत हवी. मुलाला विचारा, ‘यात काय असेल?’ ते ‘बिस्किटं’ म्हणेल. उघडून दाखवा, पुन्हा बंद करा आणि विचारा, ‘आजीने आत बघितलेलं नाही. नुसता पुडा बघून तिला काय वाटेल, आत काय आहे?’

तीन वर्षांचं मूल बहुधा ‘चिंचोके’ म्हणतं. जे आपल्याला ठाऊक ते आजीलाही ठाऊक, अशी त्याची समजूत असते. साडेचार-पाचच्या सुमारास बहुतेक मुलं ‘बिस्किटं’ म्हणतात, आणि आजीची फजिती बघायला धावतातही. उत्तर चुकलं तर हसू नका, दुरुस्त करू नका; हसलात की मूल तुमचा चेहरा बघून उत्तर बदलतं. आजीला बोलवा आणि तिला त्याच्यासमोर पुडा उघडू द्या. अशा चाचण्यांची सुरुवात १९८३ साली मानसशास्त्रज्ञ हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांनी केली. त्यांच्या चाचणीतल्या गोष्टीत पुड्याऐवजी कपाटातलं चॉकलेट होतं.

याचा उपयोग भांडणात होतो. तीन वर्षांच्या मुलाला ‘तिला काय वाटलं असेल, विचार कर’ म्हटलं तर त्याच्या हाती काही लागत नाही. त्याला डोळ्यांना दिसेल ते दाखवावं लागतं.

मारामारी झाली की आधी रडणाऱ्याकडे जा. मारणाऱ्याचा हात धरून ठेवा, पण आवळू नका. मग त्याच्या उंचीला बसा आणि आधी दोनच वाक्यं बोला, एक त्याने काय केलं त्याचं, एक त्यामुळे काय झालं त्याचं: ‘तू बादली ओढलीस. ईशाचं बोट चेमटलं, बघ, लाल झालंय.’ तिसरं वाक्य कामाचं: ‘फुंकर घालतोस की गार पाणी आणतोस?’ हे सगळं मिनिटभरात संपलं पाहिजे. त्याहून लांबलं की मूल फक्त तुमचा राग ऐकतं. ‘सॉरी म्हण’ची घाई नको. शब्द टाकला की सुटका, एवढंच त्यातून शिकलं जातं. ‘पोलिसाला देईन’, ‘बुवा येईल’ हे तर त्याहून वाईट, कारण मग मूल बुवाकडे लक्ष ठेवतं, ईशाच्या बोटाकडे नाही.

मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली लिहिलेलं उदाहरण अजूनही घराघरात दिसतं. एकाच्या हातून चुकून पंधरा कप फुटले, दुसऱ्याने नको ते करताना एकच फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलं पंधरा कपवाल्याला धरतात, नुकसान मोजतात. पण आपणही तेच करतो ना? फरशीवर सांडलेल्या दुधाला ‘असू दे’, सतरंजीवरच्या आमटीला धपाटा. दर वेळी आधी ‘मुद्दाम की चुकून?’ विचारा, आणि चुकून असेल तर फडकं त्याच्याच हाती द्या, शिक्षा नको.

मदतीला बक्षीस लावू नका. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांच्या २००८ च्या प्रयोगात वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल वस्तू मिळाली, ती पुढे कमी मदत करू लागली; ज्यांना काहीच मिळालं नाही ती करतच राहिली.

आता मुलगा-मुलगी. तीनच्या आसपास मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागतं, पण कपडे-केस बदलले तरी माणूस तेच राहतं हे पक्कं व्हायला बहुधा सहावं-सातवं वर्ष उजाडतं. म्हणून चार वर्षांचा मुलगा बांगडी घालायला घाबरतो: घातली तर मुलगी होईन! त्याला भित्रा म्हणू नका, बांगडी तुम्ही घाला नि काढा, ‘बाबा बाबाच आहे ना?’ विचारा. एखादं मूल आपण मुलगा की मुलगी याबद्दल महिनोन् महिने ठामपणे वेगळंच सांगत असेल तर थट्टा न करता ऐका आणि बालमानसतज्ज्ञांशी बोला.

मराठीत आणखी एक भानगड आहे. दिवसभर आई-आजीजवळ असणारा मुलगा ‘मी जाते’ म्हणतो आणि घर हादरतं. त्याने जे ऐकलं ते उचललं, बाकी काही नाही. कोल्हापूरकडे तर कितीतरी मुली ‘मी आलो’ म्हणतात. ‘हो, तू जातोस?’ एवढंच म्हणा आणि पुढे चला.

भातुकलीत बोळकी, चूल, पोळपाट यांबरोबर पाना, टॉर्च, टपालाची पिशवीही ठेवा. ‘तू बाबा हो’ असं कुणाला सांगू नका, कामं त्यांची त्यांना वाटून घेऊ द्या. ‘बाबा पोळ्या नाही करत’ असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका; त्या संध्याकाळी बाबांना तव्यापाशी उभं करा.