मिडीव्हल २ टोटल वॉर: प्रांतांची मर्यादा आणि नवा प्रांत

या संगणक गेमच्या नकाशात समुद्र धरून २०० प्रांत, त्यापुढे नाही. हा आकडा मुख्य प्रोग्रॅममध्येच कोरलेला असल्याने कुठलीही टेक्स्ट फाइल बदलून तो वाढत नाही. मोठ्या मॉडमध्ये (चाहत्यांनी बदललेल्या गेममध्ये) जागा संपली की मी सहारातला एखादा ओसाड प्रांत शेजाऱ्यात विलीन करतो आणि सुटलेली जागा गजबजलेल्या इटलीला देतो.

नवा प्रांत घालताना प्रांतांच्या टीजीए नकाशात (ही एक चित्रफाइल) प्रत्येक प्रांताला स्वतंत्र आरजीबी (लाल-हिरवा-निळा) रंग, शहराला एकच काळा पिक्सेल, बंदराला एकच पांढरा. रंग पेन्सिल टूलनेच भरा; ब्रशच्या पुसट कडांतून अनोळखी रंग तयार होतात आणि गेम कोसळतो. फाइल आरएलई कॉम्प्रेशनशिवाय, म्हणजे आकार न दाबता, जतन करा. प्रांतांच्या यादीत प्रत्येक प्रांतातल्या धर्मांच्या टक्केवारीची बेरीज बरोबर १०० हवी. संगीताच्या प्रकारांच्या फाइलमध्येही प्रांताचं नाव टाका. हे हमखास राहून जातं.

मग गेमने आधीच तयार करून ठेवलेल्या फाइली, म्हणजे नकाशाची मॅप.आरडब्ल्यूएम आणि नावांची स्ट्रिंग्ज.बिन, डिलीट करा. त्या राहिल्या तर जुनाच नकाशा आणि जुनीच नावं दिसतात. नवी मोहीम सुरू करा.

प्रांत मोकळा करणं शक्यच नसेल, तर किंग्डम्स या गेमच्या विस्तारातला कायमस्वरूपी दगडी किल्ला मोक्याच्या जागी ठेवा. तो प्रांतांत मोजला जात नाही, पण त्यात सैन्यभरतीही होत नाही.