गॅस गिझर बदलताना: आधी धुराची वाट, मग लिटर

जुना गॅस गिझर गळायला लागला की आपण दुकानात जाऊन "सहा लिटरचा द्या" म्हणतो आणि प्लंबर त्याच खिळ्यांवर नवा टांगून जातो. पण जुना तिथे दहा वर्षं चालला, एवढ्यावरून जागा बरोबर होती असं ठरत नाही. पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबालासुद्धा मधोमध धुराडं असायचं. फ्लॅटमध्ये आलो तेव्हा धुराडं गेलं आणि जाळ मात्र बाथरूमच्या भिंतीवर येऊन बसला.

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण साडेदहा किलोवॉट उष्णता लागते, म्हणजे तासाला जवळपास एक किलो एलपीजी. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा हवी. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवाच असते साडेपाच घनमीटर. दहा मिनिटं शॉवर घेतला तर त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त हवेतला ऑक्सिजन जळाला. प्रत्यक्षात एवढाही वेळ मिळत नाही. ऑक्सिजन थोडा कमी झाला तरी गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणूस आतून कडी लावून बसलेला असतो, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट.

पहिली पायरी: खिडकीबाहेर डोकं काढून बघा

बाथरूमची खिडकी मोकळ्यावर उघडते की डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या उभ्या बंदिस्त पोकळीत? डक्टमध्ये उघडत असेल, तर तिथे धूर सोडणं म्हणजे तो वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये पाठवणं. डक्ट वरून पत्र्याने झाकलेला असला तर तो तुमच्याकडेही परत येईल. अशा घरात फ्ल्यूचा, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचा, विचार डक्टच्या बाजूने करूच नका. ड्राय बाल्कनी, किचनला लागून असलेली धुण्याची जागा किंवा मोकळ्या हवेची बाहेरची भिंत शोधा.

ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा बसवल्या असतील तर ती आता बाल्कनी राहिलेली नाही, खोली झाली आहे. थंडीत काचा बंद, गिझर चालू आणि किचनचं दार उघडं, अशी गत होते. तिथे निदान एक भाग कायमचा उघडा, जाळीचा ठेवावा लागेल.

मग टेप घेऊन मोजा: गिझरच्या वर छतापर्यंत किती जागा, बाहेरच्या भिंतीपर्यंत किती अंतर, वाटेत बीम कुठे. बीमला किंवा कॉलमला भोक पाडायचं नाही. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत कोअर कटिंग, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडणं, होतं, पण त्याआधी सोसायटीला लेखी विचारा.

दुसरी पायरी: जागेवरून गिझरचा प्रकार

फ्ल्यूच नसलेला गिझर दुकानात सर्वांत पुढे मांडलेला असतो, कारण तो स्वस्त पडतो. तो फक्त खरोखर उघड्या जागेसाठी. बाथरूममध्ये नाही, खिडकी उघडी ठेवू म्हणालात तरी नाही, कारण जानेवारीत ती कोणी उघडी ठेवत नाही.

साध्या फ्ल्यूच्या गिझरमध्ये गरम धूर आपोआप वर चढतो. त्याला उंची लागते. गिझरच्या डोक्यावर निदान फूट-दीड फूट सरळ वर पाइप गेल्याशिवाय कोपर (पाइपचं वळण) दिलं तर धूर खेचला जात नाही आणि मागे खोलीत पसरतो. आडवा भाग शक्य तितका आखूड आणि बाहेरच्या बाजूला चढता हवा. छत बुटकं, माळा आडवा आलेला, तर हा प्रकार सोडून द्या.

अडचणीच्या जागेत पंख्याचा गिझर कामाला येतो. पंखा धूर ढकलतो, त्यामुळे पाइप आडवा, बारीक आणि थोडा लांब चालतो. किती लांब आणि किती कोपरं, ते त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. ढोबळ हिशेबाला ९० अंशांचं एक कोपर म्हणजे एक मीटर सरळ पाइप धरा. याला विजेचा पॉइंट लागतो आणि वीज गेली की गरम पाणीही गेलं. शिवाय साध्या फ्ल्यूच्या गिझरसारखाच हाही जळायची हवा खोलीतूनच घेतो, म्हणून बाथरूमसाठी या दोघांनाही नाहीच म्हणा.

चौथा प्रकार बंद पेटीचा: एकात एक दोन पाइप, आतल्यातून धूर बाहेर, भोवतीच्या पोकळीतून बाहेरची हवा आत. खोलीच्या हवेशी त्याचा संबंध नसतो. जागा कमी आणि बाहेरची भिंत जवळ असेल तर हा उत्तम, पण दुकानात सहसा मांडलेला नसतो. चौकशी करून मागवावा लागतो.

यातलं काहीच बसत नसेल तर गॅस सोडा. २ किलोवॉटचा १५ लिटरचा विजेचा गिझर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण १८ मिनिटं घेतो. वाट बघायची नाही म्हणून ३ किलोवॉटचा इन्स्टंट घ्याल, तर २५ अंशांच्या वाढीला मिनिटाला १.७ लिटरच मिळतील. तेवढ्यात शॉवर होत नाही, बादली भरते. दोन्हींसाठी वेगळी लाइन, १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच.

तिसरी पायरी: पाइप

गिझरच्या तोंडाचा व्यास असेल तोच शेवटपर्यंत ठेवा. चार इंची पाइप तीन इंची भोकातून न्यायला कुणी सुचवलं तर काम थांबवा. पीव्हीसी वापरू नका, तो मऊ पडून वाकतो. स्टेनलेस स्टीलचा पाइप सर्वांत बरा. पातळ, घड्या पडणारा ॲल्युमिनियमचा पाइप झोळासारखा लोंबतो आणि सांध्यातून सुटतो. पंख्याच्या गिझरचा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा, नाहीतर जून-जुलैत पावसाचं पाणी उलटं गिझरमध्ये येतं. तोंडाला टोपी आणि जाळी हवी. कबुतरं आणि पारवे अशी जागा सोडत नाहीत.

बाहेरचं तोंड कुणाच्याही खिडकीखाली काढू नका. ब्रिटनमध्ये पंख्याच्या बॉयलरसाठी उघडणाऱ्या खिडकीपासून निदान ३०० मिलिमीटर अंतर ठेवतात. आपल्याकडे जागा मिळत असेल तर त्याहून जास्त सोडा. किचन चिमणीच्या पाइपला फ्ल्यू जोडायचा मोह तर अजिबात नको.

गॅस आणि पाणी

सिलिंडरचा गॅस आणि पाइपलाइनचा गॅस यांचे गिझर वेगळे. घरगुती एलपीजी साधारण ३० मिलिबारवर येतो, पीएनजी २१ वर, आणि जेटची भोकंही वेगळी असतात. एलपीजीचा गिझर "थोडं ॲडजस्ट करून" पीएनजीवर लावू नये. एलपीजीच्या मॉडेलवर आयएस १५५५८ हा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह बघा. पीएनजीची जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच.

वरच्या मजल्यावर वेगळीच अडचण येते. गच्चीवरची टाकी शॉवरपासून जेमतेम दीड-दोन मीटर उंच असेल तर दाब ०.२ बारच्याही खाली राहतो आणि बरेच गिझर पेटतच नाहीत. कमी दाबावर चालणारं मॉडेल आहे का ते आधीच विचारा. गिझर ड्राय बाल्कनीत गेला की गरम पाण्याची लाइन लांबते. सहा मीटरच्या अर्ध्या इंची पाइपमध्ये साधारण लिटरभर गार पाणी उरतं, म्हणजे दहा-एक सेकंद थांबावं लागेल. हा पाण्याचा पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा घ्या.

शेवटी उदबत्ती

साध्या फ्ल्यूचा गिझर बसवल्यावर खोलीची दारं-खिडक्या बंद करा, घरातले एक्झॉस्ट पंखे आणि किचन चिमणी पूर्ण वेगात लावा आणि गिझर पाच मिनिटं चालवा. मग गिझरच्या डोक्यावर, फ्ल्यूच्या खाली असलेल्या फटीपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत खेचला गेला तर फ्ल्यू चालतो आहे. धूर तुमच्या तोंडावर आला तर पंखेच खोलीतली हवा ओढून फ्ल्यूमधला धूर उलटा आणत आहेत. बाथरूममध्ये एक्झॉस्ट लावला म्हणजे गिझर सुरक्षित झाला, हा समज इथे मोडतो. चाचणी फसली की लगेच गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि फ्ल्यू दुरुस्त होईपर्यंत गिझर वापरू नका. पंख्याच्या गिझरला अशी फट नसते; तिथे एकेक सांधा तपासा.

ज्योत निळी हवी. ती पिवळी पडली, भिंतीवर काजळी धरली किंवा अंघोळीनंतर घरात कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर गिझर त्याच दिवशी बंद करून कारागिराला बोलवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावता आला तर जरूर लावा. गिझरमधला ऑक्सिजन सेन्सर त्याची जागा घेत नाही, कारण तो वेगळीच गोष्ट मोजतो. आणि कुणी हाकेला ओ देत नसेल, तर दार उघडा किंवा तोडा, श्वास रोखून त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा.