थिंकपॅड एक्स२०० वर लिबरबूट चढवताना

जुना लॅपटॉप लिबरबूटवर, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बायोसच्या जागी बसणाऱ्या मोकळ्या फर्मवेअरवर, आणायचा असेल तर मी थिंकपॅड एक्स२०० च सुचवते. २००८ चं मॉडेल आहे, पण त्याच्या जीएम४५ चिपसेटमधून इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (आपल्या ताब्यात नसलेला, आतला वेगळा छोटा संगणक) मुळापासून काढून टाकता येतं. पुढच्या पिढ्यांत ते सगळंच पुसलं, तर मशीन अर्ध्या तासात आपणहून बंद होतं. मूळ बायोस ठरावीक वायफाय कार्डंच चालू देतो, तो अडसरही यात जातो. एक्स२००एस आणि टॅब्लेट मात्र टाळा. त्यांच्या बायोसच्या चिपला पाय नसतात, त्यामुळे तारा जोडायची क्लिप तिच्यावर धरत नाही.

लॅपटॉप उघडण्याआधी नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (त्याचा ओळख क्रमांक) वहीत उतरवून ठेवा. मग चार्जर आणि बॅटरी काढा. कीबोर्ड आणि पामरेस्टचे स्क्रू खालच्या बाजूने आहेत, शेजारी चित्रंही आहेत. फिंगरप्रिंट रीडर असेल तर त्याची पातळ केबल हलक्या हाताने सोडवा. पामरेस्टखाली, चिकटपट्टीच्या आड बायोसची चिप दिसेल. १६ पायांची असेल तर ८ एमबी, ८ पायांची असेल तर ४ एमबी. रॉमची फाइल, म्हणजे चिपवर लिहायचं लिबरबूट, त्याच मापाची घ्या आणि ती खरी असल्याची डिजिटल सही तपासा.

प्रोग्रामर म्हणून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून चिप वाचायला-लिहायला, रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड वापरा. स्वस्तातल्या काळ्या सीएच३४१ए बोर्डांच्या डेटा तारांवर ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ व्होल्टची आहे. पिकोवर त्याला प्रोग्रामर बनवणारं सरप्रॉग फर्मवेअर टाका आणि तारा आखूड ठेवा, १० सेंटिमीटरपर्यंत. १६ पायांच्या चिपवर ठिपक्याजवळचा पाय १ नंबरचा. पिकोच्या तारा अशा जोडा: २ ला ३.३ व्होल्ट, १० ला ग्राउंड, ७ ला सीएस (चिप निवडणारी तार), ८ ला मिसो (चिपकडून येणारा डेटा), १५ ला मोसी (चिपकडे जाणारा डेटा), १६ ला क्लॉक. क्लिप नीट बसली की मगच पिकोची यूएसबी लावा.

आता घाई नको. फ्लॅशरॉम या प्रोग्रामने आधी चिप फक्त वाचा, दोनदा, दोन वेगळ्या फाइलींत, आणि त्यांचे चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा आकडा) जुळवा. एका अक्षराचाही फरक पडला तर लिहायला जायचंच नाही; यूएसबी काढून क्लिप पुन्हा बसवा, वेग कमी करा, परत वाचा. दोन्ही फाइली सारख्याच पण नुसत्या एफएफ किंवा शून्यांनी भरलेल्या असतील, तर तेही वाचन नव्हे, म्हणून फाइल उघडून बघाच. जुळलेली प्रत पेनड्राइव्हवरही ठेवा. पुढे काहीही बिघडलं तरी हीच चिपवर परत लिहून मशीन पूर्ववत करता येतं, म्हणून मी शिकवताना सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवते.

मग एनव्हीएमयुटिल या छोट्या प्रोग्रामने नव्या रॉममध्ये वहीतला आपला मॅक पत्ता घाला आणि ती चिपवर लिहा. शेवटी फ्लॅशरॉम स्वतः पडताळणी करतो. ‘व्हेरिफाइड’ दिसेपर्यंत क्लिपला हात लावू नका.

पुढचे अपडेट लॅपटॉप न उघडता, लिनक्समधूनच होतात. त्या वेळी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ‘आयओमेम रिलॅक्स्ड’ (iomem=relaxed) हा पर्याय द्यावा लागतो.