स्पे कास्टिंग शिकायला नदीवर जाण्याआधी

स्पे कास्टिंग म्हणजे फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे फ्लाय नावाच्या हलक्या नकली आमिषाने मासे धरताना, लाइन पूर्ण मागे न फेकता पुढे टाकायची पद्धत. ती शिकायची तर रॉड कुठला घ्यायचा, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. तो मागे ठेवा आणि आधी काठ ठरवा. ही पद्धत मुळात काठाच्या अडचणीतूनच निघाली आहे. स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवर एकोणिसाव्या शतकात सॅमन धरणाऱ्यांच्या पाठीशी उंच दरड आणि झाडी असायची, लाइन मागे फेकायला जागाच नसायची. मग लाइन पूर्ण मागे न नेता तिचं टोक पाण्यावर टेकवायचं, उरलेल्या लाइनचा फुगा खांद्यामागे धरायचा आणि तिथूनच पुढे सोडायचं, अशी रीत पडली. खानापूरकडे मलप्रभेच्या काठाने एकदा चालून बघा. करंज, जांभूळ, बांबूची बेटं, आणि शेताच्या अंगाला ऊस थेट दरडीपर्यंत आलेला. साध्या फ्लाय कास्टिंगसाठी पाठीमागे मोकळी जागा शोधण्यातच अर्धी सकाळ जाते. स्पे आपल्या नद्यांना जमते ती याच कारणाने. तिच्याने लांब फेकता येतं हे खरं, पण ते नंतरचं.

काठ ठरवताना नदी कुठून कुठे वाहते हे बघायचं. उजव्या हाताने काम करणाऱ्याने पहिली कास्ट, म्हणजे फेक, म्हणून डबल स्पे (ती कशी करायची ते शेवटी सांगतो) घ्यावी असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी पाण्याकडे तोंड केल्यावर प्रवाह डावीकडून उजवीकडे जायला हवा. मलप्रभा आणि घटप्रभा दोन्ही ढोबळमानाने पूर्वेला वाहतात, म्हणजे असा काठ दक्षिणेचा. तिथे उभं राहिलं की तोंड उत्तरेला होतं, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जात असल्यामुळे ऊन डोळ्यांवर येत नाही. लाइनचं टोक पाण्यावर नेमकं कुठे टेकलं हे शिकताना सतत बघावं लागतं; चकाकत्या पाण्यावर ते दिसतच नाही. नदी वळणं घेते, तेव्हा नुसत्या नकाशावर विसंबू नका, जागेवर जाऊन वाळकं पान पाण्यात टाकून बघा.

पाणी कसं हवं? चालतं, पण ओढणारं नको. तळ्याच्या थांबलेल्या पाण्यात शिकता येतं, फक्त दर वेळी रोल कास्ट (लाइन मागे न उचलता पाण्यावरूनच पुढे गुंडाळत टाकायची साधी फेक) करून लाइन सरळ करून घ्यावी लागते, कारण ती ताणून धरायला प्रवाह नसतो. वाहत्या पाण्यात हे काम नदी करते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर त्याच्या फुगवट्याच्या शेपटाला, जिथे पाणी अजून जिवंत आहे आणि गुडघ्याच्या वर येत नाही, अशी जागा बघा. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मात्र उभं राहू नका. बरगे (बंधाऱ्याच्या दारांतल्या फळ्या) काढले की पाणी एकदम येतं, आणि पाणी उडून पडतं तिथे खाली भोवरा असतो. हिडकल धरणातून धुपदाळकडे पाणी सोडतात तेव्हा घटप्रभेची पातळीही पाऊस नसताना चढते. काठावर पंप चालवणाऱ्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. ‘मामा, आज वरून पाणी सोडणार आहेत काय?’ एवढं विचारलं तरी काम होतं. हुक्केरी-गोकाककडे हेच कन्नडमध्ये विचारावं लागेल. ती दोन वाक्यं आधी कुणाकडून तरी पाठ करून घ्या, तिथली माणसं त्यावरच अर्धी आपली होतात.

काही ठिकाणं यादीतून सरळ काढून टाका. राकसकोपचं पाणी बेळगाव शहर पितं, तिथे उतरायचं नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत रॉड न्यायचाच नाही, सरावासाठीसुद्धा नाही; कणकुंबीच्या बाजूला जाणार असाल तर हद्द कुठे लागते हे वनखात्याच्या माणसाला आधी विचारून घ्या. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या कृष्णेत मगरी आहेत, तिथे काठावरून हौस भागवावी, पाण्यात उतरू नये. गावचा तलाव बहुधा मासळीच्या ठेक्यावर दिलेला असतो. सरावात फ्लायऐवजी लोकरीचा गोंडा बांधायचा असतो, तेव्हा ठेकेदाराला भेटून सांगा की लाइनला गरी नाही, नुसती लोकर आहे, आणि ती लोकर त्याच्या हातात द्या. हातात घेऊन पाहिल्यावर बहुतेक जण हो म्हणतात.

दिवस निवडताना पावसाळा सोडून द्या. दिवाळीनंतर पाणी निवळतं, तिथून फेब्रुवारीपर्यंतचा काळ शिकायला सगळ्यात चांगला. मार्चनंतर काही ठिकाणी धार इतकी बारीक होते की लाइन ताणलीच जात नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग चढून वळीव येतो, आणि हाताशी असतो तो कार्बनचा रॉड. त्यातून वीज वाहते. गडगडाट कानावर आला की रॉड आडवा ठेवून लांब व्हायचं, ‘अजून एक कास्ट’ म्हणायचं नाही. याच कारणाने नदीकाठच्या पंपांच्या तारा आधी बघून ठेवायच्या. दोन हाती रॉड बारा-तेरा फुटांचा असतो आणि आपण तो उंचावून फिरवतो. शेतातल्या तारा उन्हाने लोंबून किती खाली आलेल्या असतात हे खानापूर-बेळगावकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. डोक्यावर तार असेल तर जागा कितीही चांगली असली तरी सोडा.

आता रॉड. खानापूरच्या आसपास हिवाळ्यातली मलप्रभा फार रुंद नसते, तिला अकरा फुटांचा सहा किंवा सात नंबरचा स्विच रॉड, म्हणजे एका किंवा दोन्ही हातांनी चालणारा, पुरतो (नंबर म्हणजे रॉड किती जड लाइनसाठी आहे ते). घटप्रभेच्या रुंद पात्रासाठी साडेबारा-तेरा फुटांचा सात नंबर घेतला तर हात मोकळा होतो. जवळ नऊ फुटांचा एक हाती रॉड असेल तर त्यावरही सुरुवात करता येते: रोल कास्ट, सिंगल स्पे, डबल स्पे हे सगळं एका हातानेही होतं. नवीन रॉडसाठी पैसे साठवत वर्ष घालवण्यापेक्षा हे बरं.

पैसे खर्चायचेच तर लाइनवर खर्चा. शिकणाऱ्याला स्कॅगिट प्रकारची आखूड, जड हेड (लाइनचा पुढचा वजनदार भाग) सोपी जाते. ती साधारण वीस ते पंचवीस फुटांची असते, आणि तिच्यावर जड फ्लायही ओढली जाते. स्कँडी हेड त्याहून लांब आणि निमुळती, ती हलक्या फ्लायला छान, पण तिला वेळ अचूक साधावी लागते. लाइनचं वजन ग्रेनमध्ये सांगतात आणि रॉडच्या दांड्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात किती ग्रेन चालतील ते दिलेलं असतं. कुणाकडून जुनी हेड मिळाली आणि तिच्यावर काही लिहिलेलं नसलं तर ती सराफाच्या काट्यावर ठेवा: ४५० ग्रेन म्हणजे सुमारे २९ ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन, एवढं ध्यानात ठेवलं की कुठलीही हेड ओळखता येते. रॉडला हलकी पडणारी लाइन नवख्याला फसवते. रॉड वाकत नाही, आणि माणूस समजतो की आपल्याच हातात जोर नाही.

स्कॅगिट हेडला पुढे दहा फुटांची टिप, म्हणजे लाइनचा वेगळा पुढचा तुकडा, जोडायची, मग चार-पाच फूट नायलॉन, आणि शेवटी नारिंगी किंवा पिवळ्या लोकरीचा गोंडा. टिप न लावता टाकायला गेलात तर टोक पाण्याला धरतच नाही, सारखं सुटतं. लोकर बेळगावच्या गणपत गल्लीत मिळते, भडक रंगाची घ्या म्हणजे पाण्यावर दिसेल. सरावात गरी बांधू नका. स्पेमध्ये लाइन आपल्या अंगाजवळून जाते, वारा फिरला तर कानाला घासून जाते. त्यासाठी चष्मा आणि कडा असलेली टोपी हवीच, लोकर असली तरी.

एक लहान वस्तू यादीत नक्की लिहा: वायरमन वापरतात ती इन्सुलेशन टेप. स्पेमध्ये रॉड गोल फिरतो, त्या पिळाने त्याचे सांधे हळूहळू सैल होतात, आणि सैल सांध्यावर जोर आला की रॉड तिथेच चिरतो. सगळे सांधे घट्ट बसवून प्रत्येकावर टेपचे दोन-तीन वेढे द्या. गाइड (रॉडवरच्या, लाइन ओवायच्या कड्या) एका रेषेत आहेत ना, हे टेप लावायच्या आधी डोळा लावून बघा.

पायात जुने कॅनव्हासचे बूट घाला. चप्पल नको, शेवाळलेल्या कातळावर ती पहिल्याच पावलाला घात करते. हाताशी एक वेळूची काठी ठेवा, पुढचं पाऊल टाकण्याआधी तळ चाचपायला. पाणी, भाकरी, कोरडे कपडे आणि सोबतीला एक माणूस. तो गावातला असेल तर उत्तम, डोह कुठे सुरू होतो ते त्याला ठाऊक असतं.

वाऱ्याचं गणित घरूनच पक्कं करून निघा, नदीवर उभं राहून ते सुचत नाही. वारा ज्या खांद्याकडे वाहून जातो, लाइन त्याच बाजूला टेकवायची, म्हणजे वारा तिला आपल्यापासून लांब नेतो. वारा प्रवाहाबरोबर जात असेल तर डबल स्पे किंवा स्नेक रोल. वारा प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला जात असेल तर सिंगल स्पे किंवा स्नॅप टी. (स्नेक रोल, स्नॅप टी याही स्पेमधल्याच कास्ट.) आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटला की तो या पूर्ववाहिनी नद्यांच्या प्रवाहाबरोबरच जातो, आणि डबल स्पे आधी शिकण्याचं हे दुसरं कारण. हिवाळ्यात पूर्वेचा वारा लागतो त्या दिवशी डबल स्पेचा हट्ट धरू नका. लाइन थेट अंगावर येईल. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना जा, निदान सुरुवातीला.

नदीवर पोचल्यावर क्रम असा ठेवा. पहिला तासभर नुसता रोल कास्ट. त्यातच खालच्या हाताचं काम शिकून घ्यायचं असतं. वरचा हात दिशा देतो, जोर खालच्या हाताचा. फेकताना खालची मूठ छातीकडे ओढायची. बहुतेक जण वरच्या हाताने ढकलतात आणि संध्याकाळी खांदा धरून बसतात.

मग डबल स्पे. लाइन प्रवाहाच्या खाली, तुमच्या उजवीकडे ताणलेली; रॉडचं टोक पाण्याला लागलेलं. तिथून रॉड सावकाश उचलत डावीकडे, वरच्या अंगाला न्या आणि टोक खाली आणा. लाइन समोरून आडवी पडेल, पण तिचं पुढचं टोक अजून तुमच्या उजव्या बाजूलाच राहिलं पाहिजे, रॉडच्या लांबीएवढ्या अंतरावर. हाच अँकर. तो तुमच्या डावीकडे ओढला गेला असेल तर पुढे जाऊ नका, लाइन परत खाली सोडा आणि नव्याने सुरू करा. अँकर बरोबर पडला असेल तर घाई काहीच नाही, लाइन पाण्यावर विसावलेली असते, श्वास घ्यायला वेळ आहे. म्हणूनच नवख्याला ही कास्ट सिंगल स्पेपेक्षा सोपी. तिथे टोक पाण्याला टेकतं न टेकतं तोच पुढे सोडावं लागतं. आता रॉड उजवीकडे परत आणा, आडवा, एकसारख्या वेगाने. लाइन पाण्यातून सुटताना कापड फाडल्यासारखा आवाज येईल आणि पांढऱ्या तुषारांची रेघ उठेल. ती रेघ तुमच्या समोरून उजवीकडे अखंड गेली तर ताण नीट आहे; मध्येच तुटली तर हात थांबला. रॉड उजव्या खांद्यामागे वर चढवा, मागे इंग्रजी डी अक्षरासारखा फुगा तयार होऊ द्या, आणि तो भरल्यावर पुढे सोडा, उंच थांबा.

फुगा जिकडे फेकायचं त्याच्या बरोबर उलट दिशेला असला पाहिजे. सगळी कास्ट बिघडते ती बहुधा इथे. सोबत्याला मागून मोबाइलवर चित्रण करायला सांगा, समोरून नको. मागून बघितलं की फुगा, रॉड आणि लक्ष्य एका रेषेत होते का ते लगेच कळतं. पुढे सोडताना चाबकासारखा फटका ऐकू आला तर अँकर सुटला होता. मागचा झोका हळू करा. लाइन ढीग होऊन पडली तर अँकरला लाइन जास्त चिकटली होती, झोका थोडा वर उचला. एका वेळी एकच चूक धरा.

हात थकले की थांबा. थकल्या हाताने केलेला सराव वाईट सवय लावतो, आणि ती मोडायला महिने जातात.

लोकर दहापैकी आठ वेळा हव्या त्या जागी पडू लागली की फ्लाय बांधायला हरकत नाही. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. माशाला सोपं, आणि तुमच्या कानालाही. खडस (महसीर) लागला तर त्याला पाण्यातच ठेवून गरी काढा, ओल्या हाताने, वाळूवर न आपटता. दमलेल्या माशाचं तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून सुटेपर्यंत आधार द्या. घरी आल्यावर लाइन साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, टेप सोलून काढा आणि रॉडचे सांधे त्याच दिवशी सोडवून ठेवा. राहू दिले तर अडकतात.