धुक्याचे फोटो भिंतीवर जाताना: या चुका टाळा

पावसाळा संपल्यावर आम्ही चौघांनी सह्याद्रीच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन लावलं. एकेका फोटोत दोन-तीन एक्स्पोजर, म्हणजे एकावर एक चढवलेले फोटो, डोंगरामागे डोंगर, त्यात विरघळणारं झाड. लॅपटॉपवर ज्यांनी पाहिले त्यांना स्वप्नात शिरल्यासारखं वाटलं होतं. भिंतीवर मात्र निम्म्या फोटोंचा चिखल झाला.

लॅबला दोष देऊन झाला, मग चूक आपलीच निघाली. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण वर ठेवून एडिट केलं होतं. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद देत नाही. त्यामुळे प्रिंट काळवंडते आणि पहिला बळी जातो तो धुक्यातल्या हलक्या करड्या छटांचा. स्क्रीनचा उजेड साधारण दर चौरस मीटरला 100 ते 120 कँडेलावर (उजेडाचं माप) आणा. मोजायचं यंत्र नसेल तर शेजारी चांगल्या उजेडात पांढरा कागद धरा आणि स्क्रीन त्याच्याइतकीच उजळ ठेवा. मोठी प्रिंट काढण्याआधी एक पट्टी छापून घ्या आणि ती हॉलमधल्याच दिव्याखाली बघा.

आभाळात आडव्या पट्ट्या दिसतात? फाइल 8 बिटची असणार. एका रंगाला 256 पायऱ्या मिळतात, आणि धुक्याचा काँट्रास्ट ताणला की त्या उघड्या पडतात. रॉ फाइलपासून (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली फाइल) 16 बिटमध्येच काम करा. जेपीईजी नंतर 16 बिट करून हरवलेल्या छटा परत येत नाहीत. फार तर थोडा ग्रेन (बारीक कण) टाकून पट्ट्या झाकता येतात.

आता थरांबद्दल. नवखा माणूस दोन्ही फोटो गच्च भरलेले घेतो आणि काहीच दिसत नाही. कॅमेऱ्यातल्या मल्टिपल एक्स्पोजरच्या 'ॲड' पद्धतीत उजेडावर उजेड चढतो, म्हणून दुसरा फोटो पहिल्याच्या काळ्या भागातच उमटतो. पांढरं आभाळ सगळं गिळून टाकतं. एक फोटो साध्या, गडद आकाराचा हवा: कातळ, झाड, छत्री. या पद्धतीत दोन एक्स्पोजर असतील तर प्रत्येक एक स्टॉप (म्हणजे निम्म्या उजेडाइतका) कमी, चार असतील तर दोन स्टॉप.

हे सगळं फोटोशॉपचं खूळ आहे असं म्हणणारे भेटतातच. पण 1850 च्या दशकात फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रे समुद्र आणि आभाळ यांच्या वेगळ्या निगेटिव्ह एकत्र छापत होता. तेव्हाचं कोलोडियन (निगेटिव्हच्या काचेवरचा लेप) निळ्या उजेडाला जास्त संवेदनशील होतं. समुद्र नीट आला की आभाळ कोरं पांढरं. अमेरिकन फोटोग्राफर जेरी युल्समन डार्करूममध्ये एकाच प्रिंटसाठी अनेक एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारी यंत्रं) वापरायचा. फोटोशॉपमध्ये लेयर आले ते 1994 मध्ये. ल ग्रे आणि युल्समनकडून घ्यायचं ते हे, की जोड क्षितिजावर किंवा कड्यावर लपवा, आणि दोन्ही थरांत ऊन एकाच बाजूचं असू द्या.

चकचकीत काच टाळा. काळ्या भागात फोटोऐवजी बघणाऱ्याचा शर्ट दिसतो. मॅट कागद घ्या. काच हवीच असेल तर मधे माउंटबोर्डची (जाड पुठ्ठ्याची) फट ठेवा, नाहीतर दमट हवेत प्रिंट काचेला चिकटते. फोटोचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटीमीटरवर.

आणि खालची पाटी. एका फोटोखाली आम्ही नुसतं 'कोकणकडा' (हरिश्चंद्रगडाचा) लिहिलं होतं. एक ट्रेकर काका त्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मागे रतनगडाचा खुटा कसा आला रे?" दुसऱ्या दिवशी पाटीवर दोन्ही जागा आणि 'दोन एक्स्पोजर' असं लिहिलं.